रुखमाबाईने नाकारलेला प्याला

पहाटेपासून आभाळ भरून होतं. चैत्रात असं आभाळ आलं की मोह टपकत नाही, फुलं फांदीलाच धरून बसतात. तरी मुखरू टोपली घेऊन आपल्या झाडाखाली गेला. न जावं तर जे काही पडलं असेल ते अस्वलाच्या पोटात जायचं. दोन घटका वाकून त्याची अर्धी टोपली भरली. पलीकडून त्याची बायको मीराबाई वेचत होती.

"आज पाळक येतेत," ती म्हणाली. "रात्रीच्याले काय रांधू?"

"रांध काही बी."

"पाळक यायचे झाले का तुमचं असंच होते. वर्षभर पाहून राह्यली मी. पोट दुखते का?"

मुखरूने उभं राहून कंबर सरळ केली आणि उताराखाली पाहायचं टाळलं. खाली रुखमाबाईचं घर होतं.

सिंदेवाहीपासून आत, जिथे सडक संपते तिथून दोन कोसांवर हा जांभूळटोला. ख्रिस्ती घरं आठ. मुखरूचा बाप दसरू याने मिशनच्या दवाखान्यात पाय बरा होईस्तोवर चार महिने काढले होते, आणि परत आला तो बाप्तिस्मा घेऊनच. मुखरूला वाचता येत होतं, आवाज खणखणीत होता, म्हणून तो मंडळीचा पंच झाला. रविवारी शास्त्र तोच वाचायचा, तोच समजावून सांगायचा. आणि दर साली माघात जंगलखात्याच्या जाळरेषेच्या कामावर तोच मुकादम. जंगलात आडवा पट्टा झाडून साफ करायचा, म्हणजे वणवा तिथे अडतो. पट्ट्यात काडी राहिली तरी मुखरू मजुरावर ओरडायचा. आगीला पूल देतो का रे, म्हणायचा.

मोहाच्या दिवसांत झाडाखालचा पातेरा, म्हणजे वाळला पाला, सगळेच जाळतात. जमीन साफ झाली की फुलं दिसतात. मागच्या साली, शहाऐंशीच्या फाल्गुनात, एका रविवारी सकाळी मुखरूनेही जाळला. भोवती पट्टा झाडला होता. एक वाळलेलं लाकूड त्या पट्ट्यावर आडवं पडलं होतं. ते त्याने पाहिलं. उपासनेला उशीर होत होता, अंगात धुतलेला सदरा होता. येऊन काढू, असं मनाशी म्हणून तो गेला.

मंडळी गात असतानाच ओरडा झाला. रुखमाबाईचा गोठा पेटला होता. तणशीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा ढीग, गोठा, आतला एक बैल गेला. दुसऱ्या बैलाचं दावं सोडता सोडता तिचा उजवा हात भाजला. हात वाचला, पण बोटं आत वळली ती वळलीच.

मुखरू धावत आपल्या झाडाकडे गेला तेव्हा ते लाकूड कोळसा होऊन पट्ट्यावर पडलं होतं. त्याने ते उचलून ओढ्यात टाकलं. त्या आठवड्यात सगळा उतार ठिकठिकाणी जळून काळा झाला होता. काळ्यात काळं कोणाला दिसणार?

आणि रुखमाबाईच म्हणाली, "माह्याच चुलीची राख. गोठ्यामागं टाकली होती. इस्तो राह्यला असंन त्यात."

तेव्हा बोलता आलं असतं. पण मुकादमाच्या हातून वणवा लागला हे जंगलखात्याच्या गार्डाला कळलं की काम गेलं. आधी त्याला ती भीती वाटली. पुढे ती भीती गेली आणि पंच म्हणून असलेला मान जाईल, ही लाज उरली. आठव्या दिवशी तो तिला धीर द्यायला गेला, शास्त्र काखेत घेऊन. ती खाटेवर हात उशीवर ठेवून पडली होती. "मुखरूभाऊ, माह्यावरच हे काऊन आलं?" तिने विचारलं. आणि त्याने सांगितलं, की दुःख फुकट येत नाही बाई, देव त्यातून आपलं पाप दाखवते. पश्चात्ताप कर, शांती भेटंन.

विधवा बाई, साधी. तिने केला पश्चात्ताप. आठ घरांसमोर उभी राहून रडली.

आमच्याकडे रीत अशी की पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तीन महिन्यांनी येतात, येशूच्या आठवणीचं प्रभुभोजन देतात. त्याआधी ज्याच्या मनावर ओझं असेल त्याने उठून सांगायचं. पाळक भाकर देणार, पंचाने द्राक्षरसाचा प्याला प्रत्येकाकडे न्यायचा. वर्षभरात चारदा मुखरू प्याला घेऊन रुखमाबाईपुढे वाकला, आणि चारदा तिने मान हलवली. मी अजून लायक नाई, म्हणाली. मग मुखरू परत टेबलाकडे जाऊन स्वतः प्यायचा. चौथ्या वेळी त्याला ठसका लागला होता.

देवराव पाळक दुपारच्या एसटीतून उतरून चालत आले. पाय धुतले आणि म्हणाले, "मुखरू, उद्या रुखमाबाईनं प्याला घेतला पाहिजे. देव माफ करते अन् बाई घेत नाई, हे काय? तुमचं ऐकते ती. जा, समजवा."

तो गेला. ती अंगणात बसून राखेच्या घमेल्यात डाव्या हाताने चाचपत होती. राख गार होती. तरी तिने तांब्याभर पाणी ओतलं, कालवलं, पुन्हा चाचपलं.

"बसा मुखरूभाऊ. पाळकानं धाडलं ना?"

"हो. म्हणते, उद्या घे."

"घ्यावं वाटते. मेली तर न घेताच मरंन, असं वाटते." तिने घमेलं बाजूला सारलं. "पण देवानं माफ केलं असतं तर मनाले कळलं असतं ना? मी मांगते, मांगते, काहीच होत नाई. जसं कोणी ऐकतच नाई. मोठं पाप असंन माह्यं, अजून दुसरं काही. तुमीच सांगा, काय राह्यलं सांगायचं?"

मुखरूने त्या कालवलेल्या राखेकडे पाहिलं. ही बाई एका वर्षापासून त्याच्या पापाची माफी मागत होती, आणि जे तिचं नव्हतंच त्याची माफी तिला मिळणार कशी? आणि तो सांगत होता, आणखी माग.

"उद्या बोलू," एवढंच तो म्हणाला आणि उठला. घरी येऊन जेवला नाही. मीराबाईने ताट झाकून ठेवलं.

रविवारी उपासनेत पाळकांनी विचारलं, कोणाच्या मनात काही असेल तर बोलावं. रुखमाबाई पदर सावरत उठली. "मागच्या साली माह्या चुलीची राख..."

"बाई, बस," मुखरू म्हणाला. तो टेबलापाशी उभा होता. आवाज आज खणखणीत नव्हता. "तुही राख नव्हती. आग म्या लावली. पट्ट्यावर लाकूड होतं आडवं. म्या पायलं होतं. तसंच ठेवून उपासनेले आलो. मंग ते लाकूड ओढ्यात फेकलं."

म्हातारा वारलू मागून म्हणाला, "अन् मजुराले शिव्या देत होता रे तू, काडीपायी."

"हो, वारलूभाऊ."

"अन् इथी उभा राहून शिकवत होता."

"हो."

रुखमाबाई अजून उभीच होती. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "वर्षभर मी गार राख चाचपते. तुले माहीत होतं?" आजवर ती त्याला 'तुमी' म्हणत आली होती.

"काल डोळ्यानं पायलं. पहिले ऐकून होतो."

"अन् देव हात जाळून पाप दाखवते, ते?"

"ते म्या माह्यासाठी बनवलं. तू तुह्यातच पाप शोधत बसली का माह्याकडं कोणी पाहणार नाई, म्हणून. देवाच्या नावानं बोललो. आगीपेक्षा ते वाईट केलं म्या." त्याला गुडघे टेकायचे होते, पण तेही दाखवायला केल्यासारखं होईल असं वाटून तो तसाच उभा राहिला, मान खाली घालून.

देवराव पाळकांनी त्याच्या हातातला प्याला काढून घेतला. रागाने नाही, पण घेतला. "आज तू मागं बस मुखरू," ते म्हणाले. "उद्या गार्डाकडं जाऊन सांग. बैलाचं काय करायचं ते मंडळी बसून ठरवंन. मंग आपण बोलू."

मुखरू मागे जाऊन चटईच्या कडेला बसला.

पाळक स्वतः प्याला घेऊन रुखमाबाईकडे गेले. ती म्हणाली, "पाळकभाऊ, माह्या मनात त्याच्यासाठी माफी नाई. खोटं काऊन बोलू? राग आहे. असं चालते का?"

"राग लपवून आणला असता तर चाललं नसतं," पाळक म्हणाले. "तू तर सांगून राह्यली."

तिने डाव्या हाताने प्याला धरला, वळलेल्या बोटांचा खालून टेका दिला आणि प्यायली. मग बराच वेळ डोळे मिटून बसली. मुखरूने पाहिलं, आणि नजर खाली केली. त्याच्यासाठी त्या तोंडावर काही नव्हतं. आणि ते बरोबरच होतं.

उपासना सुटल्यावर त्याच्याशी कोणी बोललं नाही. मीराबाई चार पावलं पुढे चालत होती. घरापाशी येऊन ती वळली.

"मले तरी सांगायचं होतं."

"तुले सांगतलं असतं तर तू मले सांगाले लावलं असतं."

"लावलंच असतं." तिने पदराने तोंड पुसलं. "पाळक जेवाले येतेत. घरात घोटभर पाणी नाई."

मुखरूने सदरा काढून खुंटीला अडकवला. पाण्याचा पितळी गुंड आणि दोर घेऊन तो विहिरीवर गेला. तिथे तिघी बाया भरत होत्या. त्या बोलायच्या थांबल्या. त्यांचं भरून होईस्तोवर तो बाजूला उभा राहिला, मग पुढे होऊन दोर सोडला.