डाव्या हाताची शीर

रुग्णालयात त्यांना सगळे डासबाई म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षं त्या एकाच खोलीत, एकाच उंच स्टुलावर बसून लोकांचं रक्त काढत आल्या होत्या. शीर शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बाई डोळ्यांनी शोधतच नसत, बोटाने शोधत. नव्याने लागलेल्या परिचारिकांना त्या सांगत, की दाबल्यावर दबून परत वर येते ती शीर, आणि बोटाखाली काही उडालं तर मुकाट्याने दुसरी जागा बघायची, कारण ती धमनी. हृदयाने ढकललेलं रक्त धमनीत जोरात धावतं, म्हणून तिची भिंत जाड. शिरेतलं रक्त परतीच्या वाटेवरचं, जोर सरलेलं. म्हणून तिची भिंत पातळ, आणि रक्त मागे फिरू नये म्हणून आत झडपा.

नवरा शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, आणि अंगात वीस वर्षांचा मधुमेह. त्याचं रक्त बाई दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच काढायच्या, चहा उकळेपर्यंत. नेहमी डाव्या हातातून, मनगटाच्या जरा वर. शीर कशी, आयती समोर आलेली! उजवा हात मागितला की शिंपीबुवांची कुरकुर सुरू, हा कात्रीचा हात आहे म्हणून.

दोन वर्षांपूर्वी त्याची किडनी कमजोर झाल्याचा रिपोर्ट आला. तो घरी आणला बाईंनीच. अशा रुग्णाला पुढेमागे रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर जावं लागतं आणि तेव्हा हाताची शीर धड लागते, हे त्यांना पाठ होतं. वॉर्डातल्या अशा प्रत्येक खाटेवर ‘डाव्या हातातून रक्त काढू नये’ ही पाटी त्यांच्याच अक्षरातली. कोणी चुकून तिथे सुई लावली की त्याची खरडपट्टी निघायची. आणि घरी? घरी चहा उकळत असायचा, नवऱ्याने सवयीने डावा हात पुढे केलेला असायचा, आणि बाई सुई लावून मोकळ्या व्हायच्या. दोन वर्षं.

मशीनची वेळ आली तेव्हा सर्जनने डाव्या हाताला पट्टा बांधला. सुया खाऊन टणक झालेली शीर फुगेचना. तिथे काय केलंत, असं त्याने विचारलं. बाईंनी खरं ते सांगितलं. सर्जनने पट्टा सोडला आणि दुसऱ्या हाताला बांधला.

उरला उजवा हात, तोही बारीक शिरेचा. मशीनला रक्त भराभर हवं आणि शिरेत तेवढा जोर नसतो, म्हणून धमनी शिरेला जोडायची. धमनीचा मारा सोसून शीर जाड होते, मग दर खेपेच्या सुया झेलते. नाही झाली, तर मानेत नळी, आणि नळीतून जंतू आत जाण्याची टांगती तलवार.

सर्जनने जोड देऊन टाके घातले. त्यानंतर रोज सकाळी बाई नवऱ्याच्या उजव्या मनगटावर दोन बोटं ठेवत. जिथे थरथर लागली तर हात काढून घ्यायला त्यांनी उभा जन्म शिकवलं होतं, तिथेच आता त्या थरथर शोधत होत्या, कारण थरथर आहे तोवर जोड वाहता. दुसऱ्या आठवड्यात ती मंद झाली. बाई दिवसातून चारदा बोटं ठेवू लागल्या. शिंपी मात्र शीर फुगावी म्हणून दिलेला रबरी चेंडू दाबत बसायचा आणि म्हणायचा, डॉक्टरची शिवण आहे, उसवायची नाही. सहाव्या आठवड्यात शीर करंगळीएवढी झाली. सर्जनने तपासून मान हलवली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर त्यांनी पुठ्ठा घेतला, ठळक अक्षरात ‘उजव्या हातातून रक्त काढू नये’ असं लिहिलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या वर, भिंतीला तो ठोकला.

शिंपी बघत होता. “अगं, या घरात रक्ताची सुई धरतं कोण? तूच ना? मग ही पाटी कुणासाठी?”

“माझ्यासाठी,” बाई म्हणाल्या. “डावा हात मी घालवलाय तुमचा.”

त्याने उजवा हात त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. बाईंनी थरथरीवर बोटं टेकवली आणि चहा उतू गेला तरी उचलली नाहीत.