विहिरीत उतरलेलं खत

सोनाळ्याच्या बागेत मी आठ वर्षं हाडांचा चुरा घातला. यजमान वारल्यावर संत्र्याची बाग माझ्याकडे आली, तेव्हा नवी कलमं धरत नव्हती. चुऱ्याने पहिल्या वर्षी गुण आला, म्हणून दर वर्षी घातला. पुढे सुपर फॉस्फेट खत मिळू लागलं, तेही घातलं. जास्त झालं तर नुकसान काय, असा माझा हिशेब होता.

मजूर बायका चुऱ्याला हात लावत नसत. मी स्वतः घालायची. घरी मी एकटी. दुपारी विहिरीपाशी त्यांच्यासोबत भाकरी खायची, तेवढंच दिवसभरातलं माझं बोलणं.

आठव्या वर्षी विहीर हिरवी झाली. बायकांमधली सर्वांत वडीलधारी म्हणाली, "बाई, तुमचे हाडकं पान्यात उतरले."

"माती काय गाळणं हाय का? ऊन पडते म्हणून हिरवं झालं."

"ऊन तं आमच्याबी हिरीत पडते. आमचं पानी काऊन पोपट नाही झालं?"

सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरून पाणी आणलं आणि बांधावरच्या निंबाखाली बसू लागल्या. मी विहिरीपाशीच बसले. त्यांचं हसणं तिथवर ऐकू यायचं, शब्द कळत नसत.

त्यांना खोटं पाडायचं ठरवून मी शेतकी खात्याच्या साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "नत्र वाहून जातं. चुऱ्यातलं नि सुपरमधलं स्फुरद मातीत घातलं की जागचं हलत नाही." मी हे निंबाखाली जाऊन सांगितलं.

"मंग साहेबालेच पाजा," म्हातारी म्हणाली.

साहेब बाग पाहायला आले तेव्हा मी पेला भरून पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला आणि आत्ताच चहा झालाय म्हणाले. मग मात्र त्यांनी झाडाजवळ कमरेएवढा खड्डा खणायला लावला आणि वरची, मधली, तळाची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून नेली.

तपासणी व्हायला पावसाळा उलटला. तळाच्या मातीतही स्फुरद भरलेलं निघालं. "काळ्या जमिनीने धरून ठेवलं असतं," साहेब म्हणाले. "तुमची जमीन वाळूसर. इतकी वर्षं घातलंत, आता मातीत धरायला जागाच नाही. पावसाबरोबर खाली उतरतं, पाझरातून विहिरीत येतं. त्यावर शेवाळ पोसतं."

"पाणी कधी निवळेल?"

"सांगता येत नाही. आधी घालणं थांबवा."

मी थांबवलं. त्याच दुपारी निंबाखाली गेले आणि म्हटलं, "तुमचंच खरं निघालं."

"हाव," म्हातारी म्हणाली आणि भाकरी मोडत राहिली. बसा म्हणून कोणी म्हटलं नाही. मी पाणी मागितलं. तिने मडक्यातून ओंजळीत ओतलं.

"हिरीवर कधी येता?"

"पानी निवळू द्या, मंग येऊ."

सहा वर्षं लागली. मधे दोनदा विहीर उपसून गाळ काढला, तरी पावसाळ्यानंतर हिरवट झाक यायचीच. पाण्यातून तळ दिसू लागला तेव्हा म्हातारीने काम सोडलं होतं. बाकीच्यांना मी बोलावणं धाडलं नाही, स्वतः निंबाखाली गेले. पाणी निवळल्याचं सांगितलं.

"इथं सावली चांगली हाय, बाई," एक जण म्हणाली.

सावली चांगलीच होती. मी विहिरीवर परत आले आणि भाकरीचं फडकं सोडलं.