खाली

बंद खोलीला स्वतःचा एक वास असतो. तो शिळ्या गारव्याचा असतो, तापून निवलेल्या रबराचा असतो आणि, खरं सांगू का, थोडासा संशयाचाही असतो! चंडीगडच्या आमच्या ऑफिसातली संगणकाची खोली मी बारा दिवसांनी उघडली, दिवाळीची सुटी आणि तिला जोडून आलेली संचारबंदी संपल्यावर, तेव्हा तो वास अंगावर आला आणि हातातली फराळाची पिशवी मी नकळत छातीशी धरली.

काळच तसा होता हो, पंजाबातल्या बॉम्बस्फोटांचा. बसस्टॉपवर पाट्या असत: बेवारस डबा, रेडिओ, सुटकेस दिसली तर हात लावू नका. ज्या डब्यात अन्नपूर्णेनं वसावं, त्याच्यात मरण शोधायला आपण शिकलो होतो! यजमान चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत, मी ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या या कंपनीत. संगणक मला कुणी शिकवला नव्हता. चुका करत, पुस्तकं उलटीसुलटी वाचत मीच शिकले. म्हणूनच की काय, त्याच्यावर माझा जीव होता, पण विश्वास नव्हता. त्या सकाळी कोपऱ्यातून टिक्-टिक् ऐकू आली आणि मी दारातच थबकले. पाहते तो काय, उतरत आलेल्या बॅटऱ्यांची कुरकुर! मग धूळ पुसली, वायरी चाचपल्या, एसी लावून तासभर खोली निवू दिली आणि कळ दाबली. यंत्र घरघरलं आणि गप्प झालं. डिस्क गेली होती, आणि तिच्यासोबत सगळ्या सुट्या भागांची वर्षभराची नोंद.

तरी मी घाबरले नाही. सुटीआधी सगळी नोंद मी एका कॅसेटसारख्या टेपेवर उतरवून ठेवली होती. वरच्या फळीवर एसीचं पाणी ठिबकतं, म्हणून आठवणीसाठी तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'खाली', आणि ती खालच्या फळीवर ठेवली होती. वाकून पाहते तर फळी मोकळी!

खोलीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी हरबंसजींकडे. जवळच्याच मनीमाजऱ्याचे हे माझे सहकारी, पगडीची घडी कधी न मोडणारे, तीन वर्षं मला बहनजी म्हणणारे. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं वही पुढं केली. "परसों कर्फ्यू में ढील थी ना जी, सरदारजी आए थे. अकेले. जाते वक्त थैला था हाथ में."

अकेले! थैला! शब्द किती निरुपद्रवी. पण संशयाच्या उजेडात साध्या वस्तूचीही सावली लांब पडते, नाही का? तीन वर्षांची ओळख माझ्या मनात तीन क्षणही टिकली नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की ते उठून बाहेर का जात? मधे आठवडाभर गावी कशाला गेले होते? काल-परवापर्यंत ज्या गोष्टींना काही अर्थच नव्हता, त्या मी एकेक काढून पारखू लागले.

सगळं ऐकून मॅनेजरसाहेबांनी फोनवर हात ठेवला. "आप बोलिए मैडम, थाने में नाम दे दूँ?"

त्या दिवसांत ठाण्यात दिलेल्या सरदार माणसाच्या नावाचं पुढं काय होई, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणू? ठाऊक होतं. आणि तरीही माझी मान होकारार्थी हलू लागली होती.

तेवढ्यात हरबंसजीच घाम पुसत आत आले, मागोमाग पहारेकरी. बस बंद, म्हणून सायकल मारत आलेले. हातात थैला, थैल्यातून निघाला ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा. पहारेकरी दोन पावलं मागं सरला. मीही सरले. त्यांनी झाकण उघडलं. आत, मऊ फडक्यात गुंडाळलेली माझी टेप!

"बिजली बड़े झटके मार रही थी, बहनजी. सोचा, जाते-जाते एक नकल उतार लूँ. इस पे आपने लिखा था 'खाली', तो मैंने भर दी. फिर घर ले गया, कि यहाँ कुछ हो जाए तो मशीन और टेप दोनों तो न जाएँ."

अगं बाई! माझ्या सांगलीचं 'खाली' म्हणजे तळाला. त्यांचं 'खाली' म्हणजे रिकामं. माझ्या नकलेवर त्यांनी त्याच नोंदींची ताजी नकल चढवली होती आणि पोथीसारखी जपली होती.

"सब मुझे ऐसे क्यों देख रहे हो, यार?" ते हसून म्हणाले. मॅनेजरसाहेबांनी फोनवरचा हात काढला. राखीव डिस्क बसवून दुपारपर्यंत यंत्र पुन्हा बोलू लागलं. माझी मान हलू लागली होती, हे मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. मी त्यात चकल्या भरल्या, शंकरपाळे भरले, झाकण लागेना इतके भरले. डबा हाती घेताना तो जड लागला, तसे ते संकोचले. "खाली ही दे देतीं, बहनजी." ते डब्याबद्दल बोलत होते. नजर मात्र माझी गेली, आमच्या भाषेतल्या खाली.

आज इतक्या वर्षांनी सुटीहून परतून घराचं कुलूप काढते आणि तो शिळा गारवा नाकाशी येतो, तेव्हा खिडक्या उघडण्याआधी मी क्षणभर उंबऱ्यातच थांबते. एकदा एक नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते मी पुन्हा एकदा गिळून घेते.