हीटिंग बंद करून केलेला इलाज

आजारी पेशीला आधार देणारी प्रथिनं, तीच गाठीलाही कशी काय आधार देतात? मी ताईला विचारलं, दाजींना विचारलं, घरी येणाऱ्या नर्सलाही विचारलं. कोणाचंच उत्तर माझ्या डोक्यात धड शिरलं नाही. म्हणून मी स्वतःच इलाज केला. तो काय होता ते ऐका, आणि हसायचं तर हसा.

मी दहावी नापास, तंदूरवाला. लॉकडाऊनमध्ये आयर्लंडमधलं किलकेनीचं रेस्टॉरंट बंद पडलं आणि मी सिटीवेस्टला ताईकडे राहायला आलो. ताई लॅबमध्ये कॅन्सरवर संशोधन करायची, आणि तिलाच तो झाला. नशिबाने एवढी थट्टा केल्यावर मी मागे कसा राहणार?

ती सोफ्यावर पडून मला समजावायची. "पक्या, पेशीवर ताण आला की तिच्यातली प्रथिनं वेडीवाकडी होतात. मग मदतनीस प्रथिनं येऊन त्यांना सावरतात. गाठीने त्याच मदतनिसांना कामाला लावलंय. म्हणून ती औषधाला दाद देत नाही."

"आणि ते येतात कशाने?"

"लॅबमध्ये आम्ही पेशी तापवतो. तापवलं की हजर."

तंदूरवाल्याला आणखी काय सांगायला हवं? आच काढली की मदतनीस बंद. ऐन जानेवारीत मी घर तापवणारा बॉयलर बंद केला आणि गरम पाण्याची पिशवी कपाटात लपवली.

ताई तीन स्वेटर घालून कुडकुडत होती. दाजी औषध कंपनीत इंजिनिअर. ते बॉयलरचं झाकण उघडून दुपारपर्यंत बसले. शेवटी प्लंबर आला. त्याने एक बटण दाबलं आणि मास्कमधून म्हणाला, "ग्रँड." म्हणजे इकडच्या बोलीत सगळं ठीक. "कुणीतरी बंद केलं होतं."

दोघं माझ्याकडे बघायला लागली.

"गाठीची मदत तोडत होतो," मी म्हणालो.

ताई हसता हसता खोकायला लागली. "अरे गाढवा, थंडीचासुद्धा ताणच येतो. तू त्यांना आमंत्रण देत होतास."

"मग करायचं काय?"

"तेच तर शोधत होते मी."

मार्चमध्ये एका दुपारी तिचे पाय गार लागले. रेस्टॉरंटात म्हणायचे, पक्याच्या हाताला आच बरोबर कळते. मी धावत जाऊन पिशवी काढली, पाणी उकळलं, टॉवेलात गुंडाळून पिशवी तिच्या पायाशी ठेवली. "आता बरं वाटतंय ना गं?"

दाजी हळूच म्हणाले, "पक्या, ती गेलीय रे."

पाणी जरा जास्तच कढत होतं. मी टॉवेलाची आणखी एक घडी घातली, तिला चटका बसू नये म्हणून.