देवाचं पोतं

आमच्या आत्याचा बँकेवर विश्वास नाही, कुलपावर नाही, आणि माझ्यावर तर नाहीच. तिचा विश्वास धान्यावर. पैसा हातात आला की ती तो तांदळात, डाळीत, पिठात कुठेतरी पुरते आणि दोन-चार दिवसांनी जागा बदलते. एका जागी राहिलेल्या पैशाचा चोराला वास लागतो, असं तिचं शास्त्र. या शास्त्राला मी लहानपणापासून हसत आले. त्या सोमवारी सकाळी मात्र तिचा फोन आला आणि माझं हसू पळालं. भिशीचे पैसे पिठाच्या डब्यात नव्हते.

ही भिशी केडगावातल्या आमच्या चर्चच्या बायकांची. पैसे आत्याकडे जमतात, कारण तिने कधी कुणाचा रुपया इकडचा तिकडे केलेला नाही. या खेपेची रक्कम एका विधवा बाईला मिळायची होती. तिच्या मुलीची नर्सिंगची फी मंगळवारी भरायची होती. सोमवारी संध्याकाळी सगळ्या बायका आत्याच्या ओट्यावर येणार, हे आधीच ठरलेलं. मी गेले तेव्हा आत्या सांडलेल्या पिठात बसली होती. केसांपर्यंत पांढरी झाली होती आणि रडत नव्हती, याचीच मला भीती वाटली.

मी पोलिसांचं नाव काढलं. ती म्हणाली, पोलीस आले की मागोमाग गल्ली येते, गल्ली आली की संध्याकाळच्या बायका सकाळीच येतात. आणि चोर कोण ते शोधायला पोलीस कशाला हवेत? घराची दुसरी किल्ली एकाकडेच होती.

तो तिच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. श्रीरामपूरचा तरुण, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. एमआयडीसीत मी दुपारचे डबे पोचवते, त्यात त्याचाही एक. आत्याचं पाणी भरणं, गॅसची टाकी आणणं, तिचा मोबाईल नीट करणं, सगळं तोच करायचा. आदल्या दिवशी चर्चमध्ये हंगामाचा सण होता, त्यालाही आला होता. सणानंतर तो कुणाला दिसलाच नव्हता आणि फोन बंद होता.

हंगामाच्या सणाला जो तो आपल्या रानातलं काहीतरी देवाला आणतो. बाजरी, भोपळे, नारळ, एखादा कोंबडा. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लिलावात हिशोब नसतो, ईर्षा असते, आणि कधी कधी भक्तीही असते. भोपळा कोंबड्याच्या भावात जातो. आत्याचं बाजरीचं अर्धं पोतं दरवर्षी असतं, तोंड लाल दोऱ्याने स्वतः शिवलेलं. त्या वर्षी ते त्यानेच पाठीवर घेऊन पोचवलं होतं. लिलाव चालू असताना आत्या आणि मी मागे जेवणाच्या पातेल्यांपाशी होतो.

डबे एका ओळखीच्या बाईवर सोपवले आणि आत्याला माझ्या डब्यांच्या व्हॅनमध्ये घातलं. मागे रिकाम्या डब्यांचा ढीग होता, तो जरा खड्डा आला की वरातीसारखा वाजायचा. आत्याने पिशवीत पाण्याची बाटली, बायबल आणि खलबत्त्यातला बत्ता घेतला होता. बत्ता कशाला, असं मी विचारलं नाही.

आधी नागापूरला त्याच्या कारखान्याच्या गेटवर गेलो. त्याच्या जोडीदाराने सांगितलं, तो रविवारी दुपारीच कुणाच्या तरी टेम्पोत बसून गावाला गेला. सोबत एक पोतं होतं, कुणाला हात लावू देत नव्हता.

"पोतं भरून नेलं," आत्या म्हणाली.

भिशीची नोटांची जुडी रुमालात मावते, त्याला पोतं कशाला लागतं, असं मी म्हटलं. मग विळदचा घाट उतरेपर्यंत तिने घरातली तांब्यापितळेची सगळी भांडी मनातल्या मनात तपासली. बंबाची आठवण झाली तेव्हा तिने माझा दंड इतका जोरात धरला की व्हॅन रस्त्याखाली जाता जाता राहिली.

पुढे ट्रॅफिकच्या हवालदाराने अडवलं. कागद बघता बघता त्याची नजर आत्याच्या मांडीवरच्या बत्त्यावर गेली. कुठे निघालात, म्हणून त्याने विचारलं. कधी खोटं न बोलणारी आत्या पटकन म्हणाली, मयताला. हवालदाराने टोपी सारखी केली आणि सावकाश जा म्हणाला. एरवी मी हसून हसून गाडी थांबवली असती. पण मयत कुणाचं ते मला कळत होतं. संध्याकाळी त्या बाईपुढे रिकामे हात धरायचे म्हणजे आत्यासाठी मरणच.

राहुरीपुढे उसाचे ट्रॅक्टर लागले. एकामागे दोन ट्रॉल्या, त्यापुढे आणखी एक, आणि ओव्हरटेक करायला जागा नाही. दुपार डोक्यावर आली. आत्या एकदा प्रार्थना करायची की प्रभू, त्याला शिक्षा कर, आणि लगेच म्हणायची की प्रभू, त्याला सुबुद्धी दे. मी तिला म्हटलं, देवाला एक काय ते नक्की सांग. माझाही जीव टांगणीला लागला होता. त्याला मी रोज एक पोळी जास्त घालत होते आणि तो चोर निघावा असं मला मुळीच वाटत नव्हतं.

श्रीरामपुरात चर्चमागच्या वस्तीत घर विचारत विचारत सापडलं. दारात चपला बऱ्याच होत्या. आत खाटेवर त्याची आई, पाय प्लास्टरमध्ये, आणि भेटायला आलेल्या शेजारणी. तो आईला चहा पाजत होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा इतका खुलला की मी दारातच थबकले. आत्या थबकली नाही.

"भिशीचे पैसे कुठं हायेत? किल्ली तुझ्याकडंच हुती. चोरा."

त्याने कप खाली ठेवला. बोलली त्याची आई. कोपरावर उठायची धडपड करत तिने विचारलं, "खरं सांग. घेतले का तू?"

आत्याच्या शब्दाने जेवढं लागलं नसेल तेवढं त्याला हे लागलं. नाही म्हणाला, तेही पुटपुटत. मग उठून त्याने आपली बॅग जमिनीवर उलटी केली. दोन शर्ट, चार्जर, माझा घासलेला डबा. एक शेजारीण म्हणाली, दाराआडचं पोतंही बघून घ्या.

पोत्याचं तोंड लाल दोऱ्याने शिवलेलं होतं.

त्याने सांगितलं ते असं. उपासनेच्या मध्येच फोन आला, आई मोरीत पडली. टेम्पो मिळेपर्यंत लिलावाला उभा राहिला. आत्याचं पोतं पुकारलं तेव्हा खिशात होतं नव्हतं तेवढं बोलला. देवाला वाहिलेली बाजरी आहे, तिची भाकरी खाऊन आईला बरं वाटेल, असं त्याला वाटलं. गडबडीत चार्जर लावायचं राहिलं आणि फोन बंद पडला. पोतं अजून उघडलंही नव्हतं.

आत्याने त्या शिवणीवर हात ठेवला आणि तिचा रंग उडाला. माझ्याकडे वळून ती कुजबुजली की शुक्रवारी घरात रंगारी आले होते. मला सगळं कळलं. परक्या माणसांच्या भीतीने तिने पुन्हा जागा बदलली होती. देवाच्या पोत्याला कोण हात लावणार, म्हणून त्यात घातले होते आणि सणाच्या धांदलीत विसरून गेली होती.

या बायकांसमोर पोतं उघडलं तर पैसे त्याच्याच घरातून निघणार. मग कोण काय मानेल? आणि उघडलं नाही तर संध्याकाळ तोंडावर आलेली. मी आत्याच्या कानाशी लागले. चूक झाली म्हण, बाजरी विकत माग, पोतं व्हॅनमध्ये टाकू आणि वाटेत उघडू. कुणाला काही कळायचं नाही. तिने माझा हात बाजूला केला.

"समद्यांनी ऐका," ती म्हणाली. "ह्या पोत्यात पैसे हायेत. ते म्या ठिवलेत आन म्याच इसरले. ह्या पोराला ठावं न्हाई. चोर म्हनाले ती माजी जीभ नासकी, त्याचा गुन्हा न्हाई."

मग तिने दाताने दोरा तोडला, कोपरापर्यंत हात घातला आणि रुमालाची गाठ बाहेर काढली. आत्याने आपल्या बटव्यातून, भिशीला हात न लावता, नोटा काढल्या. लिलावात जेवढे बोललास तेवढे घे, म्हणाली. त्याने हात मागे घेतले.

"ते देवाला दिले हुते, आजी. तुमाला न्हाई."

त्याच्या आईने भाकरी खाऊन जा म्हटलं, पण भिंतीकडे तोंड करून. आम्ही थांबलो नाही. तो व्हॅनपर्यंत आला, माझा डबा दिला आणि त्यावर केडगावच्या घराची किल्ली ठेवली. माझ्या हातात दिली, आत्याच्या नाही.

संध्याकाळी भिशी वेळेवर झाली. ती बाई पैसे घेऊन आत्याच्या पाया पडायला वाकली, आणि बाकीच्या म्हणाल्या, तुमच्याकडे पैसा म्हणजे देवाकडे ठेवल्यासारखा. आत्या उठून आत गेली. पुढच्या आठवड्यात त्याचा जोडीदार येऊन अंथरूण घेऊन गेला. खोली अजून रिकामी आहे, भाडेकरू विचारायला आले की आत्या रंग द्यायचाय म्हणून सांगते.

यंदाच्या सणाला तिने पोत्याचं तोंड शिवलं नाही. ते न्यायलाही कुणी नव्हतं. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून नेलं आणि चर्चपर्यंत बाजरी सांडत गेली.