अक्का एकट्या जात नव्हत्या

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या आठवडी बाजारात लसणाच्या ढिगापुढं बसले होते. फोन मुलाचा होता. "आई, आत्या गेली," एवढंच तो बोलला आणि रडायला लागला. मी हातातल्या गड्ड्या खाली ठेवल्या... मला रडू आलं नाही, राग आला. आज दीड महिना झाला, तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मला कळतं. पण अक्कांनी मला एक शब्द दिला होता. अठरा वर्षं तो पाळला नाही, आणि आता पाळायला त्या राहिल्या नाहीत. अशा माणसावर रागवायचं नाही तर काय करायचं?

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, कुसुम. नांदायला गेली आणि आठ महिन्यांत परत आली ती कायमची. धरणाकाठच्या आमच्या गावात शाळेवर विज्ञान शिकवायची, त्यामुळं निम्मं गाव तिला 'बाई' म्हणायचं आणि उरलेलं निम्मं तिच्या माघारी काहीबाही म्हणायचं. आता शोकसभेत दोन्ही निम्मी एकत्र बसली होती. एका वक्त्यानं सांगितलं, बाई ताऱ्यांच्या ओढीनं एकट्या, निर्भयपणे, अंधारात धरणावर जात. पुढच्या तिघांनी तेच सांगितलं, फक्त 'एकट्या'वरचा जोर वाढत गेला. मी बायकांच्या सतरंजीवर पहिल्या ओळीत बसले होते. त्यांच्यापैकी एकाचीही माझ्याकडं मान वळली नाही. अंगाची नुसती लाही लाही झाली. अक्का एकट्या कधी गेल्या नाहीत, त्यांना जाताच येत नव्हतं. दर वेळी मी होते. हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतलाय.

लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी आमच्या ह्यांनी फर्मावलं, "अक्काला तारे बघायला जायचं असतंय, तू सोबत जात जा." मला विचारलं कुणीच नाही. बाईमाणसानं अंधार पडल्यावर बाहेर आभाळाकडं तोंड करून पडायचं म्हणजे गावाला काय उत्तर द्यायचं? अक्कांनी ते उत्तर शोधून ठेवलं होतं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पोचे पडलेलं एक टमरेल. त्यात निम्मं पाणी, कारण रिकामं टमरेल वाजतं. हातात टमरेल असलेल्या बाईला गावात कुणी "कुठं निघालीस" म्हणून विचारत नाही. समोरून येणारा पुरुष मान खाली घालतो, सायकलवरचा तोंड फिरवतो. घरात चांगला बांधलेला संडास असताना आम्ही दोघी आठवड्यातून दोनदा टमरेल घेऊन निघायचो. शेजारीण मला विचारायची, "तुमचा संडास सारखाच तुंबतंय का वं?" मी हो म्हणायचे.

जागा शोधायची अक्कांची पद्धतही तीच. कुठंही गेलं की घरातल्या बायकांना हळूच विचारायचं, "बाया कुणीकडं जातेत?" सिरसाळ्याला लग्नाला गेलतो तेव्हा नवरीच्या आईला हळद लागायच्या आधी त्यांनी हेच विचारलं. त्या माऊलीनं गडबडीत बोट दाखवलं, आणि अक्का भर उन्हात ती जागा बघून आल्या. "लई झाक हाय शालन, एक बी खांब न्हाई," मला येऊन म्हणाल्या. खांबांपासून लांब, वाटेवरून न दिसणारी, पण वस्तीतून हाक ऐकू येईल इतकी जवळ अशी जागा प्रत्येक गावातल्या बायकांनी आधीच हेरून ठेवलेली असते. अक्का फक्त जाऊन दक्षिणेचं आभाळ खालपर्यंत उघडं आहे का ते बघायच्या. ऊस उभा असला की दक्षिण बंद. ऊस तुटला की उघडायची, पण तोवर कारखान्याचं गाळप चालू असायचं आणि त्या दिव्यांनी खालचं आभाळ पिवळं व्हायचं. म्हणून खरे दिवस उन्हाळ्याचे. कारखाना बंद, रान मोकळं, आणि धरणाचं पाणी मागं सरून काठाला कोरडी पट्टी उघडी पडलेली. आमच्या तालुक्याला समुद्र नाही, जे आहे ते हे धरणच... आणि अक्कांना पाण्यावरचं आभाळ पाहिजे असायचं.

बायकांची जागा म्हणजे तिथं काय काय असतं ते मी लिहीत नाही. बॅटरीला लाल कागद लावून, खाली बघून बघून जागा धरायची, खताचं पोतं अंथरायचं आणि ताऱ्यांच्या खुणा काढलेला कागद घेऊन अक्का त्यावर उताण्या पडायच्या. मी त्यांच्याकडं पाठ करून वाटेकडं बघत बसायचे. बाई येत असली तर एकदा खोकायचं, पुरुष असला तर दोनदा. दोनदा खोकले की अक्का झटक्यात उठून पदर डोक्यावर ओढून उकिडव्या बसायच्या. मच्छर मला, काटे मला, कुत्री मला, आणि तारे त्यांना. डोक्यावरचं आभाळ मलाही दिसायचं, नाही असं नाही. पण अक्कांचा जीव अडकला होता त्रिशंकूत, चार ताऱ्यांच्या. तो दक्षिणेला अगदी खाली, पाण्याला टेकल्यासारखा दिसतो म्हणे. दक्षिण माझ्या पाठीशी होती, वाट उत्तरेला. "अक्का, मी बी बघू का जरा?" मी सुरुवातीला विचारायचे. "पुढच्या खेपेला तू निज, मी बसते राखनीला," अक्का म्हणायच्या. तो शब्द तो हाच. पुढच्या खेपेला परत हेच. पाचसहा वर्षांनी मी विचारायचं सोडलं, पण ऐकल्याचं विसरले नाही.

मग घरोघर संडास झाले. चांगलंच झालं, कोण नाही म्हणेल. पण बाया यायच्या बंद झाल्या आणि त्या अंधारात टमरेल घेऊन आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं होतं, अक्का, आता पुरे. अक्का ऐकतील तर ना! माघाचे दिवस, थंडी, पहाटेचा त्रिशंकू बघायचा म्हणून मला उठवून नेलं. अजून झुंजूमुंजूही झालं नव्हतं. मी दोनदा खोकले, पण ते पाचजण होते आणि धावत आले. गावातल्याच हौशी लोकांनी एक पथक काढलं होतं, उघड्यावर जाणाऱ्यांना धरायला. शिट्ट्या वाजल्या, तोंडावर बॅटऱ्या पडल्या. एकाच्या हातात झेंडूचा हार होता. "मी तारे बघाया आले," अक्का म्हणाल्या. ते पोट धरून हसले. "तारे बघाया टमरेल लागतंय व्हय?" तेवढ्यात बॅटरी नीट पडली आणि एकजण वरमला. "बाई... तुमी?" अक्कांचा विद्यार्थी होता तो. अक्कांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि शाळेत बोलायच्या त्याच स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "हिला परसाकडं जायचं होतं. मी नुसती सोबतीला आले."

अठरा वर्षं सोबतीला कोण गेलं होतं? हार माझ्या गळ्यात पडला. हातात टमरेल धरायला लावून फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावातल्या सगळ्या फोनवर होता. आमच्या ह्यांच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते हसू दाबत यायचं. घरात संडास असून सुद्धा बाहेर जाणारी अडाणी बाई म्हणून मला आजही काहीजण ओळखतात. अक्का त्या दिवशी वेळेवर शाळेत गेल्या. संध्याकाळी आल्या, जेवल्या आणि चुकलं म्हणून एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून मी गेले नाही. मी नाही म्हटल्यावर अक्काही गेल्या नाहीत. निर्भयपणे, एकट्या... शोकसभेतल्या वक्त्यांना हे कुणी सांगायचं? गच्चीवर जाऊन उभ्या राहायच्या. चौकात उंच खांबावरचे दिवे लागले होते, त्या उजेडात बाईंना काय दिसणार? मी खाली भांडी घासत असायचे आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू, चांगलं पोट भरून बरं वाटायचं.

शेवटच्या महिन्यात त्या अंथरुणावरून उठत नव्हत्या. पेज भरवणं, अंग पुसणं माझ्याचकडं. एका संध्याकाळी पेज भरवताना मधेच थांबल्या. "शालन, तू तिरशंकू बघितलास का गं कधी?"

"न्हाई."

"कावून?"

"तिकडं माझी पाठ होती, अक्का."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता चुकलं म्हणतील. इतक्या वर्षांनी तरी म्हणतील... "टमरेल कुठंय?" त्यांनी विचारलं. माळ्यावर आहे म्हटलं. "टाकू नको," म्हणाल्या आणि तोंड उघडलं, पेजेसाठी.

परवा मी टमरेल काढलं, अक्कांचा तो ताऱ्यांचा कागदही काढला. कारखाना बंद आहे, रान मोकळं आहे, पाणी मागं सरलंय. रात्रीची जेवणं झाल्यावर सुनेला म्हटलं, रूपाली, चल माझ्यासोबत. "आई, टमरेल कशाला? आता कोण इचारतंय?" ती हसत होती. मी निम्मं पाणी भरून घेतलं. धरणाच्या पट्टीवर उतरलो. मधे बांध असल्यामुळं चौकातला उजेड तिथं पोचत नाही. पोतं अंथरतेय तोच एक मोटारसायकल थांबली, वर दोघंजण. "कोन हाय तिथं? काय चाललंय?" रूपाली घाबरून माझ्यामागं सरकली. मी गाडीच्या उजेडात टमरेल उचलून दाखवलं. दोघांनी माना फिरवल्या आणि गाडी निघून गेली. रूपालीचं हसू पार उतरलं होतं.

तिला वाटेकडं तोंड करून बसवलं आणि दक्षिणेकडं पाय करून मी उताणी पडले. कितीतरी वेळ काहीच दिसेना, कारण कान वाटेकडंच लागलेले. मग अक्कांच्या कागदावरच्या खुणेप्रमाणं नजर खाली नेली... होता. पाण्याच्या जरा वर चार तारे, लहानशा पतंगाएवढे. एवढंसंच? माझा हार, माझा फोटो, माझी पाठ, सगळं ह्या एवढ्याशासाठी? मला अक्कांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं आणि चाराचे आठ दिसायला लागले. तरी नजर काढवेना. खूप वेळ गेला असावा.

"आई, मच्छर लई चावायलेत," रूपाली म्हणाली. "मी बी बघू का जरा?"

"थांब, पुढच्या खेपेला तू निज," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की क्षणभर मला कळलंच नाही, कोण बोललं. कळलं तशी मी उठून बसले. पदरानं तोंड पुसलं. रूपालीला हाताला धरून ओढलं, पोत्यावर निजवलं, तिचं डोकं धरून दक्षिणेकडं वळवलं.

"पुढच्या न्हाई, आत्ताच. तिथं, पाण्याच्या वर. चार हायेत. सापडले?"

"न्हाई अजून."

"दम खा. सापडतेत."

टमरेल पुढ्यात ठेवलं, तिच्याकडं पाठ केली, आणि वाटेकडं बघत बसले.