रंगुबाईंनी स्वतःशीच लावलेली बोली

रंगुबाई साळवे यांना देवाशी सौदा करायची भारी खोड. पाऊसपाणी असो की नातवाची परीक्षा, बाई प्रार्थनासभेत उभ्या राहायच्या आणि खणखणीत आवाजात काहीतरी कबूल करून बसायच्या. आवाज अंगणवाडीत कमावलेला. तिथं मदतनीस म्हणून खिचडी वाढण्यात आणि पोरांना दटावण्यात त्यांची उमर गेली होती. त्यामुळे बाईंनी केलेला नवस पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या वाडीत कुणाच्या कानावर गेला नाही, असं व्हायची सोयच नव्हती.

गेल्या वर्षी त्यांची शेळी दोनदा गाभडली. बाई सभेत उठल्या आणि म्हणाल्या, "या खेपेला धड व्याली, तर पयलं करडू मिशनला!"

आता मिशनला म्हणजे कसं, तर वाडीच्या चर्चमध्ये दरसाल हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात-दारात जे पिकतं ते तो आणून वाहतो. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. तो पैसा नगरला जातो, तिथं गावोगावच्या आणखी कितीतरी चर्चच्या मंडळ्यांच्या पैशात मिसळतो आणि मग दूरदेशी कुठं दवाखान्याला, कुठं शाळेला, कुठं सुवार्ता सांगणाऱ्यांच्या पोटापाण्याला लागतो. रंगुबाईंना ते देश नकाशात दाखवता आले नसते. पण त्यांची आई बाळंतपणात अडली, तेव्हा बैलगाडीत घालून तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तो दवाखाना समुद्रापलीकडच्या बायांनी आपापल्या चर्चमध्ये पै-पै जमवून उभा केला होता, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या खेपेला जन्मलेली पोर म्हणजे त्या स्वतः.

शेळी व्याली. काळंभोर करडू, एक कान तेवढा पांढरा. नवरा देवाघरी, दोन्ही लेकी पुण्याला, घरात बोलायला भिंती. त्या घरात हे करडू टणाटण उड्या मारू लागलं. बाईंच्या गोधडीत झोपू लागलं. बाईंनी त्याचं नाव राणी ठेवलं आणि तिथंच त्या फसल्या. सण जवळ आला तशी त्यांची भूकच मेली.

शेजारच्या ज्योतीनं ते ओळखलं. "मावशी, पाळकसायबांना सांगा की, करडाबदली पैसे घ्या म्हनून."

"तोंडानं करडू म्हनलंय. करडूच जानार."

"मग लिलावात तुमीच घ्या सोडवून! त्याला कुटं बंदी हाय?"

बाईंचा चेहरा असा खुलला, की ज्योतीला हसू आवरेना. ती तडक घरोघर फिरली आणि सगळ्यांना बजावून आली, की करडावर कुणी बोली लावायची नाही, मावशीला स्वस्तात घेऊ द्यायचं.

सणाच्या दिवशी लिलाव पुकारायला गोरक्षनाथ होता. एरवी तो दुधाचा टेम्पो चालवतो. पण त्या दिवशी त्याच्या जिभेला हाड नसतं. त्यानं एक लिंबू दोनशेला खपवलं. भोपळा तर घेणाऱ्यानं परत वाहिला म्हणून तीनदा विकला. मग करडू आलं. रंगुबाईंनी कमरेचा बटवा चाचपला. त्यात साठवलेले दोन हजार होते.

"पाचशे!" बाई म्हणाल्या.

कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे झाडाकडे बघत बसले.

"पाचशे एक वार... पाचशे दोन वार..."

"थांब!" बाई कडाडल्या. "देवाला वाह्यलेली वस्तू पाचशेला जाती व्हय रं? वाचा बसली का तुमची? हजार!"

"मावशी, बोली तुमचीच हाय," गोरक्षनाथ कळवळून म्हणाला.

"मंग? दोन हजार!"

ज्योतीनं कपाळावर हात मारला. बाई आता लाल झाल्या होत्या. आपल्या आईला त्या परक्या बायांनी असं पडेल भावात सोडलं नव्हतं, हेच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. बाजारात या करडाचे चार हजार कुणीही मोजले असते, आणि देवाला बाजारापेक्षा कमी द्यायचं?

"चार हजार!" त्या ओरडल्या, आणि ओरडल्यावर त्यांना बटवा आठवला.

एक वार, दोन वार, तीन वार झालं. बाईंनी बटवा उलटा केला. "माझ्याकडं दोनच हायती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाला द्या तिला. पर चारालाच द्या." आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या.

दूध घालणारा सहादेव उठला. "मावशीच्या दोन हजारांत अर्धं करडू झालं. फुडचा एक पाय माझा. हे घ्या पाचशे."

"दुसरा आमचा!" ज्योती ओरडली. मग काय, झुंबडच उडाली. एकानं शेपूट घेतलं, दोघांत मिळून एक कान गेला, पाळकसाहेबांनी शिंगं घेतली, जी अजून उगवायची होती. चार हजार केव्हाच ओलांडले. पैसे नगरला गेले आणि करडू सगळ्या मंडळीचं झालं. सांभाळायचं कुणी, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

आता रंगुबाईंना दुपारची डुलकी मिळत नाही. दूध घालून परतताना सहादेव आपला पाय बघायला थांबतो, ज्योती पाला घेऊन येते, पाळकसाहेब शिंगांची चौकशी करतात, आणि येईल त्याला चहा ठेवावा लागतो.

"साखर पुरंना झालीया मला," बाई पुण्याच्या लेकीला फोनवर सांगत होत्या. "न्हाई गं, तिकडं न्हाई येत मी आता. माझ्या घरी मानसं येत्यात."